कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत शिक्षकांचे तास कोण मोजणार?

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत ८७६६५ क्रमांकाचे एक कलम आहे. तात्पुरत्या, म्हणजे बहुतेक करून अर्धवेळ, शिक्षकाची नोकरी कॉलेज चालवणारे मंडळ आपल्या मर्जीने दिवसाच्या किंवा आठवड्याच्या अखेरीस संपवू शकते, असे त्यात म्हटले आहे. कारण देण्याचे बंधन नाही, मुदतीची नोटीस नाही. या कलमाखाली काम करणारी माणसे वर्षानुवर्षे तेच विषय शिकवत आलेली असतात, पदव्युत्तर पदवीशिवाय त्यातल्या बहुतेकांची नेमणूकच होत नाही, आणि डोकी मोजली तर राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांतले सुमारे दोन तृतीयांश शिक्षक या वर्गात मोडतात.

ही व्यवस्था केवढी मोठी आहे, हे आधी सांगायला हवे. ७३ जिल्हे, ११६ कॉलेजे, साधारण २० लाख विद्यार्थी. इथला ‘जिल्हा’ म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. एक किंवा अनेक कॉलेजे चालवणारी, स्वतःचे निवडून आलेले विश्वस्त मंडळ असलेली ती स्वतंत्र संस्था असते. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटमागे, म्हणजे साधारण सत्रभर आठवड्याला एक तास चालणाऱ्या शिकवणीमागे, ४६ डॉलर फी पडते, म्हणून दोन वर्षे इथे काढून मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात किंवा स्टेट युनिव्हर्सिटीत जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कुपर्टिनो, फ्रीमाँट, सॅन होजे भागातल्या मराठी घरांना डी आन्झा, ओलोनी, मिशन ही नावे नवी नाहीत. हायस्कूलमधली मुले इथे कॅल्क्युलस करतात, डिपेंडंट व्हिसावर आलेल्या अनेकींनी इथेच अकाउंटिंगचे किंवा प्रोग्रामिंगचे वर्ग केले आहेत. पण वर्गात समोर उभा असलेला शिक्षक पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, पुढच्या सत्रात तो असेल की नाही, हे विद्यार्थ्याला कळायची सोय नाही. राज्यालाही ते नीट कळत नाही, आणि आमचा मुद्दा तिथूनच सुरू होतो. गेल्या पस्तीसेक वर्षांत अर्धवेळ शिक्षकांच्या भल्यासाठी बरेच कायदे झाले, पण ते अंमलात आले की नाही हे दाखवणारी मोजणी कायद्याने कधी नीट मागितलीच नाही. नोकरीचा पुढचा कोणताही कायदा करायचा असेल तर त्यात आधी मोजणीचे कलम हवे.

विद्यार्थ्याची मोजणी किती काटेकोर आहे ते पाहा. अनुदानाचे एकक आहे एक ‘पूर्णवेळ समकक्ष विद्यार्थी’, म्हणजे वर्षभरात ५२५ तास. आठवड्याला १५ तास, ३५ आठवडे. नेहमीच्या सत्र पद्धतीत आठवड्याला ३ तासांचा एक वर्ग घ्या. सत्राचा पाचवा भाग सरतो त्या सुमारास ‘सेन्सस डे’, म्हणजे पट मोजण्याचा दिवस, येतो. त्या दिवशी वर्गाच्या पटावर ३५ विद्यार्थी असले, तर ३५ गुणिले ३ गुणिले १७.५ भागिले ५२५, म्हणजे ३.५ एकके. त्यानंतरच्या आठवड्यात त्यातले दहा जण वर्ग सोडून गेले तरी आकडा ३.५ च राहतो. हा हिशेब ‘३२०’ नावाच्या अहवालात भरून कॉलेज जिल्हा वर्षातून तीनदा राज्याच्या चान्सलर कार्यालयाला, म्हणजे या सगळ्या कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या कचेरीला, पाठवतो: १५ जानेवारी, २० एप्रिल आणि १५ जुलै. त्यावर जिल्ह्याच्या प्रमुखाची सही असते, आणि बाहेरचा लेखापरीक्षक दरवर्षी त्यातले नमुने काढून पट तपासतो. २०१८ पासून लागू झालेल्या अनुदान सूत्रात साधारण ७० टक्के पैसा पटसंख्येवर, २० टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि १० टक्के निकालांवर मिळतो. म्हणजे सेन्ससच्या दिवशीचा पट हा कॉलेजच्या तिजोरीचा पाया आहे.

आता हा पट शुद्ध कोण ठेवतो? नियमाप्रमाणे जे विद्यार्थी फिरकलेच नाहीत त्यांची नावे सेन्ससपूर्वी कमी करावी लागतात, आणि ते काम वर्गाच्या शिक्षकाचे आहे. ऑनलाइन वर्ग वाढल्यापासून त्याला वेगळेच वळण लागले. सरकारी शिष्यवृत्ती लाटण्यासाठी खोट्या नावांनी, अनेकदा यंत्राकडूनच, प्रवेश घेतले जातात. शिक्षकाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक नावाला ईमेल करायचा, ओळख करून देणारा छोटा स्वाध्याय द्यायचा, आलेली उत्तरे एकाच साच्यातली तर नाहीत ना हे बघायचे, नाव कमी करायचे आणि प्रतीक्षा यादीतल्या खऱ्या विद्यार्थ्याला जागा द्यायची, हे सगळे करावे लागते. २०११ साली महाराष्ट्रात शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा त्यासाठी सरकारी यंत्रणा तीन दिवस रस्त्यावर उतरली होती. इथे तेच काम दर सत्राला, दर वर्गात होते, आणि ते करणाऱ्या अर्धवेळ शिक्षकाला बहुतेक करारांत त्याचा वेगळा मोबदला नाही. त्याचा पगार वर्गातल्या तासांवर बेतलेला असतो.

शिक्षकांच्या बाजूची मोजणी याच्या अगदी उलट, सैल आहे. १९८८ च्या ‘एबी १७२५’ (एबी म्हणजे विधानसभेत मांडलेले विधेयक, एसबी म्हणजे सिनेटमध्ये मांडलेले) या मोठ्या सुधारणा कायद्याने उद्दिष्ट ठरवले की क्रेडिटच्या, म्हणजे पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या, अध्यापनाचे ७५ टक्के तास पूर्णवेळ शिक्षकांनी घ्यावेत. राज्य म्हणून कॅलिफोर्निया तिथे आजवर पोहोचलेले नाही. कारण उद्दिष्टामागे जी सक्ती आहे ती वेगळ्याच आकड्याची आहे. प्रत्येक जिल्ह्याने किमान किती पूर्णवेळ शिक्षक ठेवायचे याचा एक आकडा दर शरद सत्रासाठी निघतो, साधारण आपल्याकडच्या संचमान्यतेसारखा. तो कमी पडला तर प्रत्येक कमी जागेमागे दंड आहे. पण या आकड्याचा पाया १९८० च्या दशकाच्या अखेरच्या संख्येवर घातलेला आहे आणि पुढे तो क्रेडिटच्या पटसंख्येबरोबर वरखाली होतो. त्यामुळे त्या वेळी ज्या जिल्ह्यात पूर्णवेळांचे प्रमाण ५५ टक्के होते, तो जिल्हा आपला आकडा दरवर्षी इमानाने पूर्ण करूनही ५५ च्या आसपासच राहू शकतो. नियम पाळला जातो आणि कायद्याचे उद्दिष्ट तसेच लांब राहते. शिवाय राज्याकडे पुरेसा पैसा नाही असे ठरले की त्या वर्षीची वाढ पुढे ढकलता येते.

टक्का काढण्याच्या रीतीतही खोट आहे. पूर्णवेळ शिक्षक आपल्या ठरलेल्या भाराहून अधिक जे जादा वर्ग घेतात ते या हिशेबातून बाहेर ठेवले जातात. रजेवर किंवा अन्य कामावर गेलेल्या पूर्णवेळ शिक्षकाच्या जागी जो अर्धवेळ शिक्षक येतो, त्याचे तासही वेगळ्या नियमाने धरले जातात. कागदावर दिसणारे प्रमाण आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष येणारे प्रमाण यांत अंतर पडते ते अशा वजाबाक्यांमुळे. त्या करायला आमची हरकत नाही, पण मूळ आकडा आणि वजाबाकी दोन्ही लोकांपुढे यायला हवीत.

पैशाच्या बाजूने ‘५० टक्क्यांचा कायदा’ म्हणून ओळखले जाणारे कलम १९६१ पासून आहे. जिल्ह्याच्या चालू शैक्षणिक खर्चापैकी निम्मा खर्च वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर झाला पाहिजे. हेतू उत्तम. पण या निम्म्यात अर्धवेळ आणि पूर्णवेळ यांत फरक केलेला नाही, आणि समुपदेशक व ग्रंथपाल तर त्या निम्म्याच्या बाहेरच पडतात. त्यामुळे या अहवालावरून शिक्षणावर किती खर्च झाला ते दिसते, पण तो किती माणसांत, किती तुकडे करून वाटला गेला ते दिसत नाही.

तुकड्यांचे मूळ ६७ टक्क्यांच्या कलमात आहे. एका जिल्ह्यात पूर्णवेळ शिक्षकाच्या अध्यापनाच्या भाराच्या ६७ टक्क्यांपर्यंत शिकवणारा माणूस ‘तात्पुरता’ समजला जातो. त्याहून जास्त शिकवले तर तो कायम होण्याच्या मार्गावर आला असा दावा उभा राहू शकतो, म्हणून जिल्हे ही रेघ ओलांडू देत नाहीत. २००८ पर्यंत मर्यादा ६० टक्के होती. ती ६७ का झाली हे अंकगणितात पाहावे. पूर्ण भार १५ युनिटांचा धरा. ३ युनिटांचे तीन वर्ग म्हणजे ९, म्हणजे ६० टक्के. ५ युनिटांच्या कॅल्क्युलसचे दोन वर्ग म्हणजे १०, म्हणजे ६६.६७ टक्के, जुन्या मर्यादेत न बसणारे, नव्या मर्यादेत केसभराने बसणारे. पण ४ युनिटांचे दोन वर्ग घेणाऱ्याला ३ युनिटांचा आणखी एक दिला की ११ होतात, ७३.३ टक्के. मग तो तिसरा वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागतो. वर्गाला शिक्षक आहे, शिक्षकाला वर्ग हवा आहे, विद्यार्थी प्रतीक्षा यादीत आहेत, आणि तरीही जुळत नाही. अनेक विभागप्रमुखांचे वेळापत्रकाचे दिवस या एका भागाकारात जातात.

ही मर्यादा जिल्ह्यापुरती आहे. फूटहिल आणि डी आन्झा एकाच जिल्ह्यात येतात, म्हणून दोन्हीकडचे तास एकत्र धरले जातात. डी आन्झा आणि फ्रीमाँटचे ओलोनी मात्र वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहेत. तिथे दोन्हीकडे दहा-दहा युनिटे घेणारा माणूस १३३ टक्के काम करतो. पूर्णवेळ सहकाऱ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त. आणि राज्याच्या अहवालात तो दोन अर्धवेळ शिक्षक म्हणून दिसतो. इथे अशांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, कारण त्यांचा दिवस दोन पार्किंगच्या मधल्या हायवेवर जातो. दोन कॉलेजांच्या दोन वेगळ्या ऑनलाइन व्यवस्था, दोन मूल्यमापने, दोन पगारपत्रके, आणि अनेकदा एकाही ठिकाणी आरोग्यविमा नाही. किती जण असे जगतात, कोणत्या विषयांत ते अधिक आहेत, किती वर्षांपासून, हे प्रत्येक कायदा करताना सर्वांत आधी लागणारे आकडे आहेत. जिल्हे आपापल्या माणसांची माहिती पाठवतात, आणि नियमित प्रसिद्ध होणारी तक्ते जिल्हानिहाय असल्याने दोन जिल्ह्यांत विभागलेला माणूस त्यात जोडून दिसत नाही.

वर्गाबाहेरच्या तासांचे तर दोन केंद्रीय नियमच एकमेकांशी जुळत नाहीत. परवडणाऱ्या आरोग्यविम्याच्या कायद्याखाली २०१४ साली जे नियम आले त्यांत कंत्राटी शिक्षकाच्या वर्गातल्या एका तासाला २.२५ तास काम धरण्याची एक मान्य पद्धत दिली आहे, कार्यालयीन भेटीचे तास वेगळे. सरकारी सेवेतल्यांची शिक्षणकर्जे माफ करण्याच्या योजनेत जुलै २०२३ पासून तोच एक तास ३.३५ तासांचा धरतात. वरचा कॅल्क्युलसचा शिक्षक घ्या: आठवड्याला वर्गात १० तास. विम्याच्या हिशेबाने २२.५ तास, म्हणजे ३० च्या आत, म्हणून अर्धवेळ. कर्जमाफीच्या हिशेबाने ३३.५ तास, म्हणून पूर्णवेळ. माणूस तोच, फळा तोच. २०२२ साली लाँग बीच सिटी कॉलेजच्या अर्धवेळ शिक्षकांनी तयारी, उत्तरपत्रिका आणि विद्यार्थ्यांच्या भेटींच्या तासांचे वेतन मागत लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला तो याच पोकळीमुळे. खासगी ना-नफा कॉलेजांसाठी कॅलिफोर्नियाने २०२० मध्येच कायदा करून ठेवला आहे: वर्गातल्या तासाचा दर ठरावीक रकमेहून कमी नसेल तर त्यात तयारी आणि तपासणीचे पैसे आले असे धरायचे. सरकारी कॉलेजांसाठी तेवढीही व्याख्या नाही.

या सगळ्यावर विधिमंडळाने काही केले नाही असे मुळीच नाही. २००१ च्या अर्थसंकल्पात अर्धवेळ शिक्षकांचे वेतन पूर्णवेळांच्या बरोबरीला आणायला ५.७ कोटी डॉलर ठेवले गेले. बरोबरी म्हणजे नेमके किती, हे ठरवणे मात्र प्रत्येक जिल्ह्याच्या वाटाघाटींवर सोडले. कुठे बरोबरी १०० टक्के, कुठे ७५ टक्के, कारण अर्धवेळ शिक्षक समित्यांवर बसत नाही असा युक्तिवाद. व्याख्या वेगळी असल्यावर दोन जिल्ह्यांची तुलना होणार कशी? २०१६ च्या ‘एबी १६९०’ आणि ‘एसबी १३७९’ या जोडविधेयकांनी पुनर्नेमणुकीत प्राधान्य देण्याबद्दल जिल्ह्यांनी संघटनांशी बोलणी करावीत असे सांगितले, आणि विद्यार्थी-साहाय्याच्या निधीशी ती अट जोडली. २०२१ मध्ये ६७ टक्क्यांची मर्यादा ८० ते ८५ पर्यंत नेणारे ‘एबी ३७५’ दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी खर्चाचे कारण देऊन त्यावर नकाराधिकार वापरला. पुढच्याच अर्थसंकल्पात मात्र अर्धवेळांच्या आरोग्यविम्यासाठी वर्षाला २० कोटी डॉलर आले. त्याआधी ही तरतूद सुमारे ४ लाख ९० हजार डॉलरची होती, इतक्या मोठ्या राज्यासाठी! नव्या योजनेत ४० टक्के भाराची पात्रता आहे आणि दोन जिल्ह्यांतला भार एकत्र धरायची सोय आहे. आमच्या दृष्टीने ती तिची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण माणूस एक आणि जिल्हे दोन ही वस्तुस्थिती कायद्याने प्रथमच ठळकपणे स्वीकारली. पण योजना लागू करायची तर आधी प्रत्येक जिल्ह्यात करार व्हावा लागतो, आणि करार झाला नाही तर पैसा राज्याच्याच खात्यात राहतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत राज्याच्या लेखापरीक्षकांनी पूर्णवेळ नेमणुकांवर अहवाल दिला. त्या नेमणुकांसाठी २०१८ आणि २०२१ च्या अर्थसंकल्पांत वेगळा निधी दिला होता. तो त्याच कामी लागला का, याची पुरेशी खातरजमा चान्सलर कार्यालयाने केली नव्हती, असे त्यात आढळले. यात कोणाचा लबाडपणा शोधण्याची गरज नाही. निधी दिला, त्याच्या खर्चाचा रकाना दिला नाही, तर हेच होणार.

विधेयके अशी अर्धी का राहतात, याचीही कारणे कायद्याच्या रचनेत आहेत. राज्यघटनेच्या तरतुदीप्रमाणे स्थानिक संस्थांवर नवे बंधन घातले तर त्याचा खर्च राज्याने भरून द्यावा लागतो. म्हणून विधेयक लिहिणारे थेट बंधन घालायचे टाळतात आणि ‘अमुक निधी हवा असेल तर’ अशी अट घालतात. खर्च ठरावीक रकमेच्या वर गेला, विधानसभेत ही रेघ दीड लाख डॉलरची आहे, की विधेयक अर्थसमितीच्या थांबा-यादीत जाते आणि तिथून बरीच बाहेर येत नाहीत. अहवालांचे आणखी एक आहे. विधिमंडळाला सादर करायचा नवा अहवाल मागणाऱ्या कलमाला शासन संहितेच्या १०२३१.५ प्रमाणे चार वर्षांची मुदत असते. चार वर्षांत माहिती जमवायची पद्धत बसते न बसते तोच ती बंद पडते. शिक्षकाचे सेवाकाल मोजायचे तर दहा वर्षांची सलग मालिका लागते.

तर मग विधेयकात काय असावे? आम्ही ते पुढीलप्रमाणे लिहू. पहिले, अहवाल विधिमंडळाला नव्हे, चान्सलर कार्यालयाला द्यायचा आणि तो सार्वजनिक करायचा, म्हणजे चार वर्षांचे कलम लागू होत नाही. चान्सलर कार्यालयाचे ‘डेटा मार्ट’ हे माहितीचे संकेतस्थळ आहेच, विद्यार्थ्यांची तक्ते तिथे कोणीही पाहू शकतो. दुसरे, मोजणीचा दिवस सेन्ससचाच ठेवायचा. त्या दिवशी प्रत्येक वर्गाचा पट गोठतो, त्याच ओळीत शिक्षकाचा सांकेतिक क्रमांक, त्याचा भार टक्क्यांत, भारातला जादा भाग, आणि वर्गाबाहेरचे मोबदला मिळालेले तास भरायचे. वेगळा फॉर्म नको, कारण वेगळा फॉर्म उशिरा भरला जातो आणि कोणी तपासत नाही. तिसरे, सांकेतिक क्रमांक राज्यभर एकच. हे अवघड नाही: जे शिक्षक ‘कॅलस्टर्स’ या निवृत्तिवेतन संस्थेचे सभासद आहेत त्यांची वर्गणी निरनिराळ्या जिल्ह्यांतून एकाच खात्यात आजही जमा होते. नावे जाहीर करायची गरजच नाही, तक्त्यात फक्त संख्या याव्यात.

चौथे कलम सगळ्यात महत्त्वाचे वाटते. नेमणूक देऊन रद्द केलेल्या वर्गांची नोंद हवी: कोणत्या तारखेला रद्द झाला, पट कमी म्हणून की पूर्णवेळ शिक्षकाचा भार भरायला त्याच्याकडून काढून घेतला म्हणून, आणि काही भरपाई दिली का. अर्धवेळ शिक्षकाचे खरे नुकसान इथे होते. सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी वर्ग गेला तर दुसऱ्या जिल्ह्यात तोवर वेळापत्रक भरलेले असते, आणि ४० टक्क्यांच्या खाली भार घसरला तर विम्याची पात्रताही जाऊ शकते. १९८९ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने सर्व्हिसी खटल्यात हे मान्य केले की पटसंख्येवर अवलंबून असलेली नेमणूक म्हणजे नोकरीची ‘वाजवी हमी’ नव्हे, आणि म्हणून दोन सत्रांच्या मधल्या काळात हे शिक्षक बेकारी भत्त्याला पात्र ठरतात. न्यायालयाला जी अनिश्चितता दिसली तिचे मोजमाप अजून होत नाही.

पाचवे, हे सगळे रकाने वार्षिक लेखापरीक्षणाच्या पुस्तिकेत घालायचे. लेखापरीक्षक पुस्तिकेत लिहिलेले तपासतो, त्यापलीकडे जात नाही. ‘३२०’ अहवाल विश्वासार्ह आहे तो यामुळेच. आणि या मोजणीच्या पायावर ६७ ची मर्यादा ८० पर्यंत न्यायची.

शेवटच्या मुद्द्याला पूर्णवेळ शिक्षकांच्या संघटनांमधून जो विरोध होतो तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मर्यादा ८० केली तर तीन पूर्णवेळ जागांऐवजी चार अर्धवेळांवर भागवण्याचा मोह जिल्ह्यांना होईल, आणि अभ्यासक्रम बदलणे, नव्या शिक्षकाचे मूल्यमापन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन ही वर्गाबाहेरची कामे उरलेल्या मोजक्या पूर्णवेळांवर पडतील. ही भीती खरी आहे. म्हणून वाढीव मर्यादा सरसकट नको. ज्या जिल्ह्याचे पूर्णवेळ तासांचे प्रमाण, जादा वर्ग धरून काढलेले, आधीच्या वर्षापेक्षा घसरलेले नाही, त्यालाच ८० पर्यंत जाता यावे. प्रमाण घसरले की पुढच्या वर्षी मर्यादा आपोआप ६७ वर यावी, पण आधीच दिलेली नेमणूक त्यामुळे कापली जाऊ नये. अशी अट आजच्या अहवालांवर घालता येत नाही, कारण प्रमाण काढण्याची रीतच सदोष आहे. वरची मोजणी झाली तरच ती घालता येईल.

जिल्ह्यांचा आक्षेप लवचिकतेचा असतो. पटसंख्या करोनाच्या काळात घसरली, पुन्हा चढू लागली, अशा वेळी सगळ्या जागा कायम भरल्या तर घसरणीच्या वर्षी पगार कुठून द्यायचे, हा प्रश्न बरोबर आहे. पण चाचणीच्या चार वर्षांनंतर कायम होणारा शिक्षक आणि दिवसाच्या अखेरीस काढता येणारा शिक्षक, या दोनच पायऱ्या असाव्यात असे त्यातून निघत नाही. वर्षभराच्या लेखी नेमणुका, रद्द वर्गाला ठरावीक भरपाई, सेवाज्येष्ठतेची यादी, यांतले काही ना काही अनेक जिल्ह्यांच्या करारांत आजही आहे आणि ती कॉलेजे बुडालेली नाहीत. खर्चाबद्दल एवढेच म्हणता येईल की आज जे तास कुठेच नोंदले जात नाहीत त्यांचा खर्च शून्य नाही. तो शिक्षक स्वतः भरतो आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचताना तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आठवले असतील. तिथेही मानधन वर्गातल्या तासाचे, तिथेही ‘नेट’, ‘सेट’, पीएच.डी. झालेली माणसे वर्षाचे काही महिनेच कमावतात. दोन्हीकडच्या कारणांत फरक आहे. महाराष्ट्रात पदभरतीवरची बंदी आणि रखडलेल्या मान्यता हे मोठे कारण, कॅलिफोर्नियात ६७ ची रेघ. पण एका विद्यापीठाच्या हद्दीत दोन-तीन कॉलेजांत तासिका घेणाऱ्या माणसाची एकत्र नोंद तिथल्या व्यवस्थेतही सहज सापडत नाही, हे साम्य दोन्हीकडच्या संघटनांनी एकमेकांना कळवण्यासारखे आहे.

राज्याचा कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर जिल्ह्याच्या पातळीवर बरेच करता येते, आणि बे एरियातल्या मराठी मतदारांना ते शक्य आहे, कारण विश्वस्त मंडळाची निवडणूक तेच करतात. कराराच्या वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी संघटना आणि जिल्हा दोघांचेही पहिले प्रस्ताव सार्वजनिक बैठकीत मांडावे लागतात आणि त्यावर लोकांना बोलायची संधी द्यावी लागते, असे राज्याचा सामूहिक वाटाघाटींचा कायदा सांगतो. बैठकीची कार्यक्रमपत्रिका तीन दिवस आधी वेबसाइटवर लागते. तिच्यात ‘इनिशियल प्रपोजल’ किंवा ‘सनशाइन’ असा विषय दिसला की जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: आरोग्यविम्याच्या राज्य निधीतून जिल्ह्याने गेल्या वर्षी किती परतावा मागितला, सत्र सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांत अर्धवेळ शिक्षकांचे किती वर्ग रद्द झाले, आणि जादा वर्ग धरून पूर्णवेळ तासांचे प्रमाण किती येते. मंडळाकडे उत्तर तयार नसेल, तर ते पुढच्या बैठकीला लेखी मागावे.